पहिला डाव हरलेल्याला कुठे बसवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर पंधरवड्याला घरी बॅकगॅमनची (फासे टाकून आपल्या सोंगट्या आधी पटाबाहेर काढायच्या, अशा दोघांच्या खेळाची) बैठक भरवायची आहे. आठ-दहा जण येतील, त्यातल्या निम्म्यांना खेळ जेमतेम येतो. याआधी दोनदा सुरुवात केलीत, पण दोन्ही वेळा चौथ्या बैठकीपर्यंत माणसं गळत गेली आणि शेवटी तीनच पट्टीचे खेळाडू उरले. पट चांगले आहेत, नियम छापून ठेवलेत, मग चुकतंय कुठे?

मी चौदा वर्षं अशा बैठका भरवतोय आणि पहिली तीन वर्षं माझ्याकडेही हेच व्हायचं. तुम्ही जाता जाता लिहिलंय की पहिल्या संध्याकाळपासून बाद पद्धतीने स्पर्धा घेता. माझ्या मते दुखणं तिथेच आहे. आठ जणांची बाद फेरी म्हणजे पाऊण तासात चार जण मोकळे. हे चार कोण? बहुतेक वेळा तेच, ज्यांचा हात अजून बसलेला नाही. मग ते अर्धवट कळणारा दुसऱ्यांचा डाव बघत उभे राहतात, थोड्या वेळाने मोबाइल काढतात, आणि साडेनऊला "उद्या लवकर उठायचंय" म्हणून चपला घालतात. पुढच्या वेळी त्यांना खरंच लवकर उठायचं असतं.

त्यामुळे बैठक आखताना मी एकच गोष्ट बघतो: पहिला डाव हरलेला माणूस पुढच्या पाच मिनिटांत कुठे बसलेला असेल? उत्तर "पटासमोर" असं नसेल, तर आखणी बदलायची.

बॅकगॅमनमध्ये हे जमवणं बुद्धिबळापेक्षा सोपं आहे, कारण इथे फासे आहेत. नवखा माणूस पट्टीच्या खेळाडूला एका डावात हरवू शकतो, आणि हरवतोही. याचं माझं आवडतं उदाहरण 1979 सालचं आहे. माँटे कार्लोमध्ये लुईजी व्हिला नुकताच जगज्जेता झाला होता आणि हान्स बर्लिनर या संगणकतज्ज्ञाच्या 'बीकेजी 9.8' या प्रोग्रॅमने त्याला 7-1 असं हरवलं. नंतर बर्लिनरनेच सगळ्या चाली तपासल्या आणि मान्य केलं की खेळ व्हिलाचा सरस होता, दानं मात्र यंत्राला चांगली पडली. जगज्जेत्याची ही गत, तर तुमच्या दिवाणखान्यातल्या पट्टीच्या खेळाडूचं काय घेऊन बसलात! पण हे दान उपयोगी पडायला नवख्याच्या वाट्याला डाव तर यायला हवेत. बाद पद्धतीत त्याला एकच सामना मिळतो. त्यात पडलं दान तर पडलं.

आठ-दहा जण असतील तर मी शिडी लावतो. आठ जणांना चार पट, चार टेबलं, त्यांना एक ते चार क्रमांक. प्रत्येक फेरीत तीन गुणांचा सामना, म्हणजे आधी तीन गुण करील तो जिंकला. जिंकणारा एक टेबल वर सरकतो, हरणारा एक टेबल खाली. पहिल्या टेबलावर जिंकलेला तिथेच राहतो, चौथ्यावर हरलेलाही तिथेच. तीन गुणांचा सामना साधारण वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो, म्हणजे दोन तासांत चार फेऱ्या आरामात होतात. दोन फेऱ्यांनंतर आपोआप बरोबरीचे लोक समोरासमोर येऊ लागतात. चौथ्या टेबलावरचे दोघं नवखे एकमेकांच्या सोंगट्या मारण्यात इतके रंगतात की त्यांना ते चौथं टेबल आहे याचंही भान नसतं. पंचवीस मिनिटांनी मी घंटा वाजवतो. ज्यांचा डाव अर्धा राहिलाय त्यांच्यात गुणांनी पुढे असेल तो विजेता. गुण सारखे असतील तर हातातली चाल पूर्ण करून उरलेली घरं मोजायची. सुरुवातीला दोघांनाही सगळ्या सोंगट्या बाहेर काढायला 167 घरं चालायची असतात. घंटेच्या वेळी ज्याची कमी उरली, तो जिंकला. हा माझा घरगुती नियम, स्पर्धेतला नाही. पण त्यामुळे एक फायदा असा झाला की घरं मोजायला सगळे न शिकवता शिकले.

नऊ जण आले तर? नवव्याला बाहेर बसवायचं नाही, यजमानाने बसायचं. यजमानाने त्या रात्री खेळायलाच हवं असं कुठे लिहिलंय? सम संख्या असेल तर मी खेळतो, विषम असेल तर फिरतो. पहिली काही वर्षं मी कधी जिंकलो, कधी हरलो हे मला पक्कं आठवायचं. आता आठवत नाही, आणि तेव्हापासून बैठका टिकायला लागल्या.

चार ते सहाच जण आले तर मात्र शिडी विसरा आणि शुएट लावा. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ घुबड. रात्री जागणाऱ्यांच्या खेळाला याहून शोभणारं नाव मला तरी सुचत नाही. एकाच पटावर सगळे खेळतात. प्रत्येकाने एक फासा टाकायचा. सर्वांत मोठं दान ज्याचं, तो 'बॉक्स', म्हणजे एकटा. त्याच्या खालचा कप्तान आणि बाकीचे कप्तानाच्या बाजूचे. कप्तान सोंगट्या हलवतो, पण पैज सगळ्यांची. बॉक्स जिंकला तर तो जागेवर राहतो, कप्तान रांगेच्या शेवटी जातो आणि पुढचा कप्तान होतो. बॉक्स हरला तर तो रांगेच्या शेवटी जातो आणि कप्तान बॉक्स होतो. कुणीच रिकामा नाही.

हिशेब एका कागदावर ठेवायचा. समजा पाच जण आहेत, क्यूब (पैज कितीपट झाली ते दाखवणारा फासा) दोनवर आहे आणि बॉक्स साधा डाव हरला. चौघांच्या नावापुढे अधिक दोन, बॉक्सच्या नावापुढे उणे आठ. गॅमन झाला असता, म्हणजे एकही सोंगटी बाहेर न काढता बॉक्स हरला असता, तर दुप्पट: अधिक चार आणि उणे सोळा. प्रत्येक डावानंतर सगळ्यांची बेरीज शून्य यायलाच हवी. नाही आली तर पुढचा डाव सुरू करायच्या आधी चूक शोधा. रात्री अकराला ती सापडत नाही, फक्त वाद सापडतो.

त्या उणे आठमध्ये एक धोकाही आहे. बॉक्सवर बसलेला एकटा माणूस चौघांचं नुकसान अंगावर घेतो, आणि नवख्यासाठी ते फार होतं. म्हणून मी दोन सवलती ठेवतो. नको असेल तर बॉक्स नाकारता येतो, तेव्हा रांगेतला पुढचा बसतो. किंवा बॉक्सने एक भागीदार घ्यायचा आणि नफा-तोटा अर्धा-अर्धा वाटायचा. दुसरी सवलत घेणारे जास्त, कारण भागीदार बहुधा जाणता असतो आणि कानाशी लागून दोन शब्द सांगतो.

शुएटमधली खरी गंमत मात्र सल्ल्यात आहे, आणि यजमानाची कसोटीही तिथेच. एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे एक बाई नुकत्या येऊ लागल्या होत्या, अतिशय शांत. त्या रात्री त्या कप्तान होत्या आणि मागे तीन जाणते उभे. दान पडलं सहा-एक. पटाची स्थिती अशी की मागची एकटी सोंगटी पळवता येत होती किंवा सातव्या त्रिकोणावर दोन सोंगट्या बसवून घर धरता येत होतं (असं घर समोरच्याला बंद). तिघंही एकदम बोलायला लागले. एकाने तर हात लांब करून सोंगटी उचललीच. बाईंनी हात मागे घेतला आणि त्या नुसत्या बघत बसल्या. डाव आम्ही जिंकलो. सगळ्यांनी टाळ्या दिल्या, त्यांनीही. पण त्यानंतर त्या महिनाभर आल्या नाहीत.

तेव्हापासून दोन नियम आहेत आणि ते मी मोडू देत नाही. पहिला, क्यूब फिरेपर्यंत सल्ला बंद. हा मी शोधलेला नाही, बऱ्याच ठिकाणी शुएट असाच खेळतात. सुरुवातीच्या चाली कप्तानाच्या स्वतःच्या राहतात, पैज दुप्पट झाली की मग सगळ्यांनी बोलायचं. दुसरा, पटाला हात फक्त कप्तानाने लावायचा आणि शेवटचा शब्द त्याचाच. मागच्याने "मी असतो तर" म्हणून सांगावं, बोट दाखवावं, पण सोंगटीला शिवायचं नाही. बाई नंतर परत आल्या. आता त्याच सगळ्यात जास्त बोलतात, हे वेगळं सांगायला नको.

तुर्कस्तानातल्या कहवाखान्यांत आणि ग्रीसमधल्या काफेनिओत हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या असाच चालत आलाय: दोघं खेळतात आणि भोवतीचे सगळे बोलतात. तिथे क्यूब नसतो. ग्रीक लोक पोर्तेस, प्लाकोतो आणि फेव्गा असे तीन वेगवेगळे डाव आळीपाळीने खेळतात आणि त्या मालिकेला ताव्ली म्हणतात. फेव्गामध्ये सोंगट्या मारायच्याच नसतात, नुसती वाट अडवायची. तुर्की ताव्लामध्ये दान मोठ्याने पुकारतात, तेही बरंचसं फारसी आकड्यांत. सहा-पाच पडलं की "शेश बेश". यातला बेश तेवढा तुर्की. एरवी पाचाला पेंच आणि चाराला जिहार. पंजा-चव्वा म्हणणाऱ्या आपल्या कानांना ते फार परकं वाटू नये. माझ्याकडे दर पाच-सहा बैठकांमागे एक ताव्लीची रात्र असते. त्या दिवशी क्यूबवाल्यांची हुकमत संपते, कारण प्लाकोतोत सगळेच नवखे असतात. हरलेल्या जाणत्याचा चेहरा त्या रात्री बघण्यासारखा असतो.

आता क्यूब. तुम्ही तो पहिल्याच दिवशी पटावर ठेवता. ठेवू नका. विसाव्या शतकाच्या विशीत न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये हा फासा आला, कोणी आणला ते नाव मागे राहिलेलं नाही, आणि त्याने जुन्या खेळाला नवी धार दिली हे खरं. पण ज्याला अजून सोंगट्या कोणत्या दिशेने जातात हे आठवावं लागतं, त्याला 2, 4, 8, 16, 32, 64 दाखवून काय उपयोग? आमच्याकडे क्यूब तिसऱ्या भेटीला येतो आणि तो मी चार वाक्यांत समजावतो. समोरच्याने पैज दुप्पट केली. सोडलीत तर एक गुण गेला. घेतलीत आणि अशा चार डावांत एक जिंकलात, तर दोन मिळवले आणि तीनदा दोन-दोन गमावले, म्हणजे उणे चार. चारही सोडले असतेत तरी उणे चारच. म्हणून चारातला एक डाव जिंकण्याची आशा असेल तर घ्या, नसेल तर सोडा. एवढं पुरतं. याच्या पुढचं (गॅमनची भीती, क्यूब आपल्या ताब्यात असण्याचा फायदा) हरता हरता कळतं.

क्यूबसोबत दोन नियम आधीच ठरवून टाका. सुटे डाव किंवा शुएट असेल तर जेकबी नियम: क्यूब फिरलेला नसेल तर गॅमनचे दुप्पट गुण मिळत नाहीत. त्यामुळे जिंकत आलेला माणूस डाव रेंगाळत ठेवत नाही, क्यूब देऊन मोकळा होतो. सामना असेल तर क्रॉफर्ड नियम: एखाद्याला जिंकायला एकच गुण उरला की लगेचच्या एका डावात क्यूब वापरायचा नाही. जेकबी सामन्यात नको आणि क्रॉफर्ड शुएटमध्ये नको. हे उलटसुलट करून मी एकदा अख्खी संध्याकाळ नासवलेली आहे.

अगदी कोऱ्या माणसाला शिकवायला मला वीस मिनिटं लागतात, आणि मी शेवटापासून सुरू करतो. दोघांच्याही पंधरा सोंगट्या आपापल्या घरच्या सहा त्रिकोणांत मांडायच्या आणि फक्त बाहेर काढायच्या. फासे टाकणं, आकडे वेगवेगळे वापरणं, जोडी पडली की चार चाली, हे सगळं पाच मिनिटांत हातात बसतं. कुणीतरी जिंकतंही. दुसऱ्या डावात दोघांच्याही दोन-दोन सोंगट्या समोरच्याच्या घरात ठेवायच्या. आता मारणं आलं, बारवरून (मारलेल्या सोंगट्या ठेवतात त्या पटाच्या मधल्या पट्टीवरून) परत येणं आलं. तिसऱ्या डावात पूर्ण मांडणी. पूर्ण मांडणीपासून सुरू केलं की माणूस कोणती सोंगटी कुठे यातच अडकतो आणि शेवट गाठेपर्यंत त्याचा जीव उडालेला असतो. शिकवण्यासाठी एक पट नेहमी जास्तीचा ठेवा. तो खेळायला घेतला की संपलं.

फाशांचं भांडण तुमच्याकडेही झालं असेल. आमच्याकडचं असं. बारवर एक सोंगटी, समोर पाच घरं बंद, फक्त चौथं उघडं. छत्तीसांपैकी अकराच दानं आत येण्याची. त्या माणसाने डबा हलवला, टाकला. एक फासा सपाट बसला, त्यावर दोन. दुसरा सोंगटीच्या कडेला टेकून तिरका उभा, वर स्पष्ट चार. "आला!" तो ओरडला. समोरचा म्हणाला, "तिरका आहे." दहा मिनिटं त्या फाशावर खल झाला. कुणी तो पाव इंच ढकलून बघावं म्हणत होतं, कुणी वर दुसरा फासा ठेवून बघावं. नियम सरळ आहे: दोन्ही फासे पटाच्या आपल्या उजव्या हाताच्या अर्ध्या भागात सपाट बसायला हवेत, नाहीतर दोन्ही परत टाकायचे. दोन्ही, फक्त तिरका नव्हे. पण हे फासे पडल्यावर सांगितलं की कुणाची तरी बाजू घेतल्यासारखं होतं. म्हणून आता दर बैठकीच्या सुरुवातीला मी दोन गोष्टी मोठ्याने सांगतो. सपाट नसेल तर दोन्ही परत. आणि आपले फासे उचलले की चाल संपली, तोवर सोंगट्या हव्या तितक्या वेळा मागेपुढे करून बघा. जुने सदस्य आता हे माझ्याबरोबर एका सुरात म्हणतात, चेष्टेने का होईना. बाकी प्रत्येक पटाला चार फासे आणि दोन डबे द्या, म्हणजे फासे इकडून तिकडे देण्यात वेळ जात नाही. आतून कापड लावलेले डबे घ्या, कारण शेजाऱ्यांनाही झोपायचं असतं.

पैशांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण इथे माझं मत ठाम आहे. निदान पहिलं वर्ष पैसे लावू नका. कायदा जागोजागी वेगळा आहे, तो आधी बघा, हे तर आहेच. पण कायदा आड येत नसला तरी पैसे आले की जाणते नवख्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात आणि नवख्यांना ती नजर कळते. चहापाण्याची वर्गणी वेगळी आणि ती हरण्या-जिंकण्याशी न जोडलेली असावी. गुण मात्र जरूर लिहा. आमच्याकडे वही आहे आणि तिच्यापायी लोक पैशांइतकेच भांडतात.

आणि शिकवू नका. माझ्या हातून झालेली सगळ्यात वाईट चूक हीच. एक सद्‌गृहस्थ सलग तीन सामने हरले होते. तिसऱ्यात जिंकत आलेला डाव घाईने एक सोंगटी उघडी टाकून त्यांनी घालवला. ते पटावरून हात काढतात न काढतात तोच मी मागून म्हणालो, "तिथे सहा घरांवर ठेवलीत, म्हणजे सतरा दानं मारायला दिलीत. पाच घरांवर ठेवली असती तर पंधरा झाली असती." गणित अगदी बरोबर होतं. ते हसले, "हो का" म्हणाले आणि परत आले नाहीत. आता विचारल्याशिवाय मी कुणाला काही सांगत नाही. दुसऱ्या कुणी सांगायला सुरुवात केली तर पटाचा फोटो काढतो आणि "उद्या बघू" म्हणतो. मोबाइलवर विश्लेषणाचे प्रोग्रॅम आहेत, चांगले आहेत, मीही वापरतो, पण बैठकीत ते उघडायचे नाहीत. नुकत्या हरलेल्या माणसाला यंत्राकडून आणखी एकदा कशाला हरवायचं?

माणसं कुणाला बोलवायची, हा तुमचा शेवटचा प्रश्न. साठच्या दशकात हा खेळ पश्चिमेत जवळजवळ विस्मरणात गेला होता. तो उचलला अलेक्सिस ओबोलेन्स्की या रशियन राजकुमाराने. 1964 मध्ये त्याने बहामाजमध्ये मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली आणि खेळाडूंच्या बरोबरीने बडी मंडळी, नामांकित चेहरे आणि पत्रकारही गोळा केले. सत्तरच्या दशकातली बॅकगॅमनची लाट तिथून उठली. आपल्याला नामांकित मंडळी नकोत, पण यादीचं तत्त्व तेच: यादी फक्त चांगल्या खेळाडूंची केलीत तर पुन्हा तेच तिघं उरतील. दोन जाणते, चार बरे, दोन कोरे आणि एखादा, ज्याला खेळात फारसा रस नाही पण तो आला की खोलीत हशा पिकतो. या शेवटच्या माणसाला सगळ्यात आधी फोन करा. आमच्याकडे असे एक जण आहेत. चौदा वर्षांत त्यांनी शिडीचं पहिलं टेबल दोनदा पाहिलंय आणि चौथ्या टेबलाला सगळे त्यांच्याच नावाने ओळखतात. तिथे पोचलेल्याला ते उठून खुर्ची देतात आणि म्हणतात, "या, वाटच बघत होतो."